बिनघोड्याच्या पिस्तुलाची व सुभानजी नाइकाची हकीकत

॥ श्री ॥

हाती शस्त्र असोन जी देवता निरपराध्यावर कधी चालवीत नाही, तिजला प्रथम नमन असो. आणि ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही त्याचेही जो ऐकतो, त्यास दुसरे नमन असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, ते साली एका राज्यात पिस्तुलांमुळे जो अनर्थ जाहला आणि एका नाइकाच्या वाट्यास जो एकांत आला, ती हकीकत जैसी कानी आली तैसी लिहितो. राज्याचे नाव पुसू नये, लिहिणाराचेही पुसू नये.

पूर्वी त्या राज्यातील शिपायांच्या कमरेस जे पिस्तूल असे, त्यास मागल्या अंगास घोडा असे. घोडा चढविला म्हणजे धरणारास दिसे, समोरच्यास दिसे, आणि बाजूस उभा असेल त्यासही दिसे, की आता हे जागे जाहले, जपोन राहावे. वर अंगठ्याजवळ एक लहान कळ असे, ती फिरविली म्हणजे चाप मुका होई. परंतु ते पिस्तूल जड, गोळ्या थोड्या, पावसाळ्यात गंज धरी, आणि शिपाई कुरकुरत. मग समुद्रापलीकडील व्यापाऱ्यांचा वकील दरबारी आला आणि त्याने मखमलीवर नवे पिस्तूल मांडिले. ते काळे, हलके, साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत, आणि त्यास घोडा नाही आणि कळही नाही. गोळीच्या बुडास ठोका देण्याचे घोड्याचे काम पोटातील एका सुईने करावे, ती सुई पोलादी कमानीवर अर्धी ताणलेली सदा तयार, आणि तिजला नखाएवढा एक अडसर धरोन ठेवितो, ऐसी त्याची घडण. राज्याचे धनी जे श्रीमंत, त्यांनी हाती घेऊन पाहिले आणि मर्जी प्रसन्न जाहली. शिलेखान्याचे दारोगा त्रिंबकराव म्हणोन होते, राज्यातील सर्व हत्यारांची देखरेख आणि हत्यारांच्या अपघातांची चौकशी त्यांजकडे, त्यांनी मात्र पिस्तूल उलटेसुलटे करोन पुसिले, "यास कळ कोठे आहे?" वकील हसोन बोलला, "रावसाहेब, संकटसमयी शिपाई कळ विसरतो आणि प्राणास मुकतो. याचा चाप हीच याची कळ. चाप दाबिल्याखेरीज हे उडत नाही, आणि चाप तर आपल्याच बोटात." त्रिंबकराव म्हणाले, "पोटातली सुई ताणलेली आहे की सैल आहे, ते बाहेरून कळावे कैसे?" तो म्हणाला, "ते कळावयाची गरजच नाही." ते उत्तर सर्वांस आवडले. मग जुनी पिस्तुले वितळावयास गेली आणि नवी वाटली गेली आणि गावोगावच्या शिपायांनी ती कमरेस लावोन आपली छबी काढवोन घरी धाडिली.

त्या राज्याच्या पश्चिम सरहद्दीस घाटमाथ्यावर एक नाका होता. येणाऱ्याजाणाऱ्या मोटारी आणि मालट्रक थांबवोन झडती घेणे हे तेथील काम. त्या नाक्यावर सुभानजी वाघमोडे नाईक आणि हैबती शिळीमकर शिपाई हे दोघे वर्षानुवर्षे बरोबर पहारा करीत आले होते. सुभानजीचे लग्न जाहले नव्हते, आईबाप लहानपणीच वारले होते, आणि सणासुदीस तो हैबतीच्याच घरी पानावर बसे. हैबतीची बायको ठकूबाई त्यास भावजी म्हणे आणि वाढताना नवऱ्याच्या आधी त्याच्या ताटात वाढी, आणि हैबती म्हणे, "मी काय मग उष्ट्यावर जगू?" आणि तिघे हसत. सुभानजी बोलण्यास कमी, हैबती बोलण्यास फार. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने ऐकावे, आणि दोघांचे पोट भरावे, ऐसे चालले होते.

वैशाखमासी दुपारी, रहदारी थोडी मंदावली असता, दोघे जेवोन उठले आणि हैबती चुलीपुढे उकिडवा बसोन चहासाठी जाळ फुंकू लागला. चुलीजवळचे पाणी संपले म्हणोन सुभानजी पिंपाजवळचा तांब्याचा भरला हंडा उचलावयास वाकला. दोन्ही हात हंड्याच्या गळ्यास घातले, गुडघे मोडिले, आणि हंडा उचलोन वळता वळता त्याच्या कमरेच्या चामडी खोळीत, खोळीचे बटण लावलेले असता, पिस्तूल उडाले. सुभानजीस प्रथम वाटले की रस्त्यावर कोणा ट्रकाचे चाक फुटले. मग मांडीस चटका बसला आणि हंडा हातातून सुटला आणि पाणी चुलीत जाऊन धूर जाहला, आणि त्या धुरात हैबती कुशीवर पडलेला दिसला. गोळी बरगडीखालोन आत गेली होती. सुभानजीने त्यास उचलोन एका मालट्रकात घातले आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन घाट उतरू लागला. ट्रकवाला जिवाच्या कराराने हाकीत होता. अर्धा घाट उतरला तेथे हैबतीने प्राण सोडिला. खाली इस्पितळात पोहोचेपर्यंत सुभानजीने डोके मांडीवरोन काढिले नाही.

मग त्रिंबकरावांनी चौकशी मांडिली. पंच बसले, वकीलही आपल्या कारागिरांसह आला. सुभानजीस पुसिले, "हात कोठे होते?" तो बोलला, "हंड्यास होते." पुसिले, "दोन्ही?" बोलला, "भरला हंडा एका हाताने उचलत नाही, सरकार." पुसिले, "मग चाप कोणी दाबिला?" बोलला, "कोणी दाबिला नाही." तेव्हा पंचांत हसू जाहले. वकिलाने तेच पिस्तूल मागोन घेतले, गालिच्यावर टाकिले, फरशीवर टाकिले, लाकडी मोगरीने ठोकिले, आणि ते उडाले नाही. वकील म्हणाला, "हत्याराने आपली साक्ष दिली." सुभानजी म्हणाला, "आज उडाले नाही म्हणोन त्या दिवशी उडाले नाही, ऐसे कैसे होईल? हैबती तर मेला आहे."

त्रिंबकराव कडक होते परंतु दुष्ट नव्हते. त्यांनी त्यास एकटे बोलावोन बसविले आणि म्हणाले, "सुभाना, माझे केस हेच ऐकण्यात पांढरे जाहले. ज्याच्या हातोन बार सुटतो तो हरएक शिपाई म्हणतो, आपोआप सुटला. आजवर एकाचेही खरे निघाले नाही. बोटच असते. तू इतकेच म्हण, की उठताना बोट गेले असेल. श्रीमंत कृपाळू आहेत, चूक माफ करतील, आणि तू आपल्या नाक्यावर परत जाशील." सुभानजी म्हणाला, "रावसाहेब, बोट गेले असते तर मी आपण विचारण्याआधी सांगितले असते. मी तसे म्हटले की पिस्तूल निर्दोष सुटले आणि मी अडकलो, एवढ्यावर भागत नाही. तेच पिस्तूल आपल्या साऱ्या माणसांच्या कमरेस आहे." त्रिंबकराव म्हणाले, "सारे राज्य एक बोलते आणि तू एकटा दुसरे बोलतोस." तो म्हणाला, "एकटा असेन. पण सोबतीस कोणी नाही म्हणोन हंड्यावरचा हात चापावर कैसा नेऊ?" तेव्हा दारोग्यांनी सुस्कारा टाकिला आणि निकाल लिहिला, की अपराध हाताचा, हत्याराचा नव्हे, आणि नाइकाने माफी घेतली नाही, सबब त्याचे हत्यार काढोन घ्यावे आणि त्यास जुन्या खिंडीतील बुरुजावर धाडावे.

जाण्यापूर्वी सुभानजी ठकूबाईच्या दारी गेला. ती उंबऱ्यात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. म्हणाली, "भावजी, लोक नाना बोलतात. तुम्ही मला खरे सांगा. बोट होते का?" तो म्हणाला, "नव्हते, वहिनी." ती म्हणाली, "होते म्हणाला असता तर मी तुम्हांस शिव्या दिल्या असत्या, रडले असते, आणि एखाद्या दिवशी माफही केले असते. आता मी राग कोणावर धरू? लोखंडावर?" तिने दार लोटिले, आपटिले नाही, हळूच लोटिले, आणि आतून कडी घातली. तो ती कडी ऐकोन तेथेच उभा राहिला आणि मग चालू लागला.

जुन्या खिंडीचा रस्ता दरडींमुळे केव्हाच बंद पडला होता. तेथे एक बुरुज, एक खोली, एक दूरध्वनी. दरड कोसळली तर खाली कळवावे, एवढेच काम, आणि दरड तर बहुधा पावसाळ्यातच कोसळे. आठवड्याचा शिधा घेऊन एक मनुष्य अर्ध्या वाटेपर्यंत येई, दगडावर ठेवी आणि हाक मारोन परत जाई, कारण खाली बोलवा जाहली होती की सुभानजीजवळ उभे राहू नये, त्याच्या अंगास अपशकुन आहे. कोणी थट्टेने म्हणत, "नाईक, हंडा जपोन उचला!" सुभानजी हे ऐकोन घेई. पुढे पुढे ऐकावयासही कोणी राहिले नाही. वारा सुटला म्हणजे बुरुजाच्या भोकांतून घुमे. मनुष्याचा आवाज म्हणोन दूरध्वनीवरची बाई काय ती, ती सकाळी पुसे, "दरड?" आणि तो म्हणे, "नाही," आणि तिकडे ठेवोन दिल्याचा खट्ट आवाज होई. एकदा त्याने "नाही" म्हणोन पुढे घाईने पुसिले, "खाली पाऊस आहे का?" तोवर तिने ठेवोन दिले होते.

ऐसे असता त्याच्या मनात एक किडा शिरला. सारे राज्य म्हणते बोट होते, पंच म्हणतात, दारोगा म्हणतात, आणि आपण एकटे म्हणतो नव्हते. तर कदाचित आपणच चुकत असू. मग तो कमरेस रिकामी खोळ लावी, पाण्याचा हंडा भरी, आणि वाकोन उचली, आणि उचलता उचलता आपला उजवा हात कोठे जातो ते पाही. पुन्हा ठेवी, पुन्हा उचली. हात हंड्यासच राही. परंतु जो मनुष्य पाहत आहे त्याचा हात सरळच वागतो, न पाहता कैसा वागला हे कोण सांगेल, ऐसे वाटोन तो डोळे मिटोन उचली. एके दिवशी डोळे मिटोन उचलिता त्यास स्पष्ट भास जाहला की बोट चापास लागले, थंड लोखंड लागले. त्यास वाटले, हैबतीस आपणच मारिले. ते दिवशी त्याने चूल पेटविली नाही.

पुढे दिवाळीच्या सुमारास एक मनुष्य लंगडत खिंड चढोन आला. सुभानजीने दुरूनच ओरडोन सांगितले, "रस्ता बंद आहे." तो म्हणाला, "मी रस्त्यासाठी आलो नाही. तुम्ही वाघमोडे नाईक का?" तो यमाजी सपकाळ, पूर्वेकडील तुरुंगावरचा शिपाई. दगडावर बसोन, दम घेऊन, त्याने विजार वर सरकविली आणि मांडीचा व्रण दाखविला. म्हणाला, "मी मोटारीतून उतरत होतो. एक हात दारास, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. खोळीतच उडाले." सुभानजीने पुसिले, "मग चौकशीत काय सांगितले?" यमाजी म्हणाला, "सांगितले की बोट गेले. तसे म्हटले की माफी मिळते, ऐसे सगळे म्हणाले. पोरेबाळे आहेत, नाईक. आणि मी एकटाच ऐसा असेन असे वाटले. मग तुमचे ऐकले." सुभानजी उठोन उभा राहिला आणि मोठ्याने हसला, आणि हसता हसता रडू लागला, आणि यमाजी घाबरोन म्हणाला, "काय जाहले?" तो म्हणाला, "काही नाही. बोट नव्हते. माझेही नव्हते." मग त्याने भाकरी केली आणि दोघे जेवले. जेवण जाहल्यावर सुभानजी म्हणाला, "आपण दोघे दारोग्यांपुढे जाऊ." यमाजी म्हणाला, "मी दिलेली कबुली फिरवली तर खोटा ठरेन, चाकरी जाईल. तुम्हांस सांगावे एवढ्यासाठीच आलो होतो." सुभानजी म्हणाला, "बरे." आणि त्यास वळणापर्यंत पोहोचवावयास गेला. यमाजी उतरोन दिसेनासा जाहला तरी तो वळणावर उभा होता.

मग माघमासी श्रीमंतांचा दरबार भरला. सरदार, मुत्सद्दी, त्रिंबकराव आणि तो वकीलही हजर होते. श्रीमंतांच्या खास पहाऱ्यावरील एक शिपाई पुढे येऊन लवोन मुजरा करू लागला. डावा हात छातीस, उजवा हात कपाळी, आणि तो लवला तोच त्याच्या खोळीतील पिस्तूल उडाले. गोळी फरशीवर आपटोन उसळली आणि श्रीमंतांच्या लोडात शिरली आणि कापूस उडाला. श्रीमंतांस इजा जाहली नाही. शिपाई तसाच वाकलेला, हात कपाळी, थिजोन गेला. वर उडालेला कापूस हळूहळू खाली येत राहिला. श्रीमंतांनी पुसिले, "याचे बोट कोठे होते?" वकील भिंतीकडे पाहत होता. मग त्रिंबकराव उठले आणि म्हणाले, "महाराज, बोट कपाळी होते. आम्ही सर्वांनी पाहिले."

मग हुकूम सुटले. पिस्तुले परत मागविली आणि कारागीर बसवोन एकएक खोलोन पाहिले. त्यात असे निघाले की कित्येकांत तो सुई धरणारा अडसर घडणीतच तोकडा, कित्येकांत वापराने धार झिजलेली, बाकीची चांगली. आणि तोकडे कोणते, चांगले कोणते, हे बाहेरून कोणासही कळू नये. ज्यात दोष, ते नित्य उडे ऐसेही नव्हे. अंगास एखादा आडवा हिसका बसावा आणि सुई निसटावी, आणि मग पुन्हा महिनोन् महिने शांत. वकिलाने सांगितले की नवे अडसर पाठवितो, परंतु त्यास सुधारणा म्हणावे, दोष म्हणू नये. तेही मान्य जाहले. आणि दवंडी पिटली की शिपायांनी पिस्तुले सुधारून घेण्यास जमा करावी. झाल्या गोष्टींचे दवंडीत काही नव्हते.

त्रिंबकराव स्वतः खिंड चढोन गेले. वय जाहले होते, वाटेत बसत बसत गेले. सुभानजीने घोंगडी घातली, पाणी दिले. ते म्हणाले, "सुभाना, मी तुझे ऐकिले नाही. सवय लागली होती न ऐकण्याची. आता नाक्यावर परत चल, बढती देवविली आहे." सुभानजी म्हणाला, "रावसाहेब, बढती नको. नाक्यावर दवंडी देववा की हैबती शिळीमकर हत्याराच्या दोषाने मेला, सोबत्याच्या हाताने नव्हे." दारोगा म्हणाले, "तेच एक होत नाही. तसे म्हटले तर ज्यांनी ज्यांनी कबुली दिली ते सारे उठतील, आणि व्यापाऱ्यांशी करार आहे. मी बोललो, श्रीमंतांनी ऐकिले नाही." सुभानजी म्हणाला, "मग मी येथे बरा आहे." दारोगा बहुत वेळ बसले, आणि ऊन कलले तेव्हा उठोन गेले, आणि महिन्याभरात चाकरी सोडोन आपल्या गावी जाऊन राहिले.

लोकांस वाटले, आता खरे उघड जाहले, सुभानजीकडे रीघ लागेल. तसे जाहले नाही. ज्यांनी बोट होते म्हणोन सांगितले होते त्यांस त्याचे तोंड पाहवेना. ज्यांनी थट्टा केली त्यांसही पाहवेना. शिध्याचा मनुष्य आता बुरुजापर्यंत येऊ लागला, परंतु पिशवी ठेवोन, जोहार करोन, झटकन वळे. पूर्वी भीतीने वळत होता, आता लाजेने.

मग चैत्र लागल्यावर ठकूबाई आली. एकटीच चढोन आली होती, पदराने घाम टिपीत बुरुजाच्या पायरीवर बसली. सुभानजी दूर उभा राहिला. ती म्हणाली, "मला दवंडीचे काही सांगू नका. कचेरीत मला फक्त चूक कोणाची ते सांगितले. तो दिवस कोणी सांगितला नाही. तुम्ही सांगा. ते जेवले होते का?" तो म्हणाला, "जेवला होता, वहिनी. तुम्ही दिलेली भाकरी होती आणि मी अंबाडीची भाजी केली होती. दोनदा घेतली आणि म्हणाला, 'सुभाना, मीठ जास्त जाहले,' आणि तिसऱ्यांदा घेतली." ती म्हणाली, "आणि मग?" मग त्याने सारे सांगितले, ट्रक, घाट, मांडीवरचे डोके, काही चोरोन ठेविले नाही. ती ऐकत राहिली आणि मग मोकळ्या गळ्याने रडली, आणि तो तसाच उभा राहिला. रडणे सरल्यावर ती म्हणाली, "हत्याराने गेले, हे मला कळले, भावजी. तरी तुम्हांस पाहिले की मला ते दिसतात. वर्षभर तरी दारी येऊ नका. मग या." तो म्हणाला, "येईन." ती उठली, पदर खोवला आणि उतरू लागली. त्याने तिला हाक मारिली नाही. परंतु तिच्यापुढे दगड सुटलेले होते म्हणोन तो मागोमाग थोडे अंतर राखोन चालला, आणि डांबरी रस्ता लागला तेथे थांबला, आणि ती वळणाआड गेल्यावर बुरुजाकडे माघारी वळला.

एवंच, हत्यार सुधारले, निकाल फिरला नाही; आणि जो पहिल्या दिवसापासोन खरे बोलला तो खिंडीतच राहिला. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर, या साली एवढे वर्तमान कळले ते लिहिले. अधिक कळले नाही, म्हणोन येथेच लेखणी ठेविली.